डिजिटोनिन: कोलेस्टेरॉल अचूक ओळखणारे, पण दर लॉटमागे नव्याने तपासावे लागणारे सॅपोनिन

पेशीचे बाहेरचे पटल उघडायचे आहे, पण आतली तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका आणि केंद्रक यांच्या पटलांना धक्का लागू द्यायचा नाही, अशी ज्यांची गरज आहे त्यांना डिजिटोनिनइतके उपयोगी रसायन दुसरे क्वचितच मिळेल. आणि बाटलीवरच्या लेबलावर विसंबून जे मात्रा ठरवतील त्यांना त्याच्याइतका मनस्ताप देणारे रसायनही क्वचितच मिळेल. बरीच वर्षे ही पावडर वापरल्यानंतर माझे मत असे दुहेरी झाले आहे, आणि ते तसेच राहील असे दिसते. जे संशोधक पहिल्यांदाच डिजिटोनिन मागवण्याच्या विचारात आहेत किंवा ज्यांच्या हाती आधीच्या विद्यार्थ्याने मागे ठेवलेली अर्धी बाटली आली आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे परीक्षण लिहीत आहे.

डिजिटोनिन हे डिजिटॅलिस परप्युरिया, म्हणजे फॉक्सग्लव्ह, या वनस्पतीच्या बियांपासून मिळते. सॅपोनिन म्हणजे एका बाजूला पाण्यात न मिसळणारा सांगाडा आणि दुसऱ्या बाजूला पाण्यात रमणाऱ्या शर्करांची साखळी. रिठा पाण्यात चोळल्यावर येणारा फेस हा याच दुतोंडी रचनेचा परिणाम असतो. डिजिटोनिनमध्ये हा सांगाडा डिजिटोजेनिन नावाचा २७ कार्बनचा स्टेरॉइड असतो आणि त्याला दोन ग्लुकोज, दोन गॅलॅक्टोज व एक झायलोज अशा पाच शर्करा जोडलेल्या असतात, त्यामुळे रेणूचे वजन सुमारे १२२९ भरते. याच झाडाच्या पानांतून हृदयरोगावरची डिजिटॉक्सिनसारखी औषधे मिळतात. १७८५ मध्ये विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लव्हच्या औषधी उपयोगावर लिहिले ते या पानांतल्या द्रव्यांमुळे. डिजिटोनिनचा त्या औषधी परिणामाशी संबंध नाही. ते औषध नव्हे, प्रयोगशाळेतले अभिकर्मक आहे, आणि खरेदीच्या यादीत डिजिटॉक्सिन किंवा डिगॉक्सिन यांच्याशी त्याची गल्लत होऊ नये एवढ्यापुरतेच हे सांगणे आवश्यक आहे.

या रेणूची सगळी किंमत एका गुणावर उभी आहे: तो कोलेस्टेरॉलला धरतो. १९०९ मध्ये ॲडॉल्फ विंडाउस यांनी दाखवले की अल्कोहोलमधल्या द्रावणात डिजिटोनिन आणि कोलेस्टेरॉल एकास एक प्रमाणात एकत्र येऊन न विरघळणारा साका तयार होतो. ही पकड विलक्षण काटेकोर आहे. स्टेरॉलच्या तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट बीटा दिशेला आणि मोकळा असेल तरच साका बसतो. तोच गट अल्फा दिशेला वळलेला असेल किंवा मेदाम्लाशी जोडून एस्टर झालेला असेल तर रेणू द्रावणातच राहतो. विंडाउस यांना स्टेरॉलवरील कामासाठी १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे कित्येक दशके रक्तातील मोकळे कोलेस्टेरॉल मोजण्याची खात्रीची पद्धत म्हणजे डिजिटोनिनने साका पाडून तो तोलणे किंवा त्यावर रंगाची अभिक्रिया करणे हीच होती. तोलण्याचा हिशेब आजही कागदावर करून पाहण्यासारखा आहे: साक्याच्या वजनापैकी जेमतेम २४ टक्के वजन कोलेस्टेरॉलचे असते, बाकी सगळे डिजिटोनिनचे. म्हणजे एवढासा पदार्थ मोजण्यासाठी तराजूवर त्याच्या चौपटीहून अधिक वजन येत असे, आणि सूक्ष्म तराजू सहज उपलब्ध नसलेल्या काळात ही मोठीच सोय होती. विकरांवर आधारलेल्या चाचण्या आल्यावर दवाखान्यांतल्या प्रयोगशाळांतून डिजिटोनिन मागे पडले. संशोधनात मात्र त्याचे दुसरे आयुष्य तेव्हा सुरू झालेलेच होते.

हे दुसरे आयुष्य त्याच पकडीवर आधारलेले आहे. प्राण्यांच्या पेशीतील कोलेस्टेरॉल सगळ्या पटलांत सारखे वाटलेले नसते. बाहेरच्या प्रद्रव्यपटलात मेदाच्या रेणूंपैकी ३० ते ४० टक्के कोलेस्टेरॉल असू शकते, तर आंतर्द्रव्यजालिकेत ते सुमारे ५ टक्के असते आणि तंतुकणिकेच्या आतल्या पटलात त्याहूनही कमी. डिजिटोनिनची मात्रा हात राखून दिली तर ते बाहेरच्या पटलातील कोलेस्टेरॉलशी जुळते, पटलात मोठी भोके पडतात, १४० किलोडाल्टनचे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज त्यातून बाहेर वाहून जाते आणि प्रतिपिंडे आत जाऊ शकतात, पण तंतुकणिका श्वसन करीत राहते. मात्रा वाढवत नेली की पुढचा क्रमांक तंतुकणिकेच्या बाह्य पटलाचा लागतो. तोही १९६० च्या दशकात मुद्दाम वापरून घेतला गेला: बाह्य पटल डिजिटोनिनने सोलून काढून मायटोप्लास्ट तयार करण्याची पद्धत त्याच काळात रुजली आणि कोणते विकर कोणत्या पटलावर बसते हे त्यामुळे सांगता आले. ट्रायटन एक्स-१०० सारखा डिटर्जंट अशी पायरीपायरीने वागणूक देत नाही, तो सरसकट सगळेच विरघळवतो. गंमत म्हणजे पटल भेदण्यासाठी जी मात्रा पुरते, ती डिजिटोनिनच्या कणगुच्छ (रेणूंचे एकत्र जमलेले गोळे) बनण्याच्या सांद्रतेच्या, म्हणजे साधारण ०.२५ ते ०.५ मिलिमोलरच्या, कितीतरी खाली असते. दर मिलिलिटरला ४० मायक्रोग्रॅम ही बऱ्याच प्रयोगांतली मात्रा जेमतेम ३३ मायक्रोमोलर होते. येथे डिजिटोनिन साबणासारखे वागतच नाही. ते फक्त कोलेस्टेरॉल शोधते.

येथवर सगळी स्तुती झाली. आता बाटलीकडे येतो.

पांढरी, हलकी, चमच्याला चिकटणारी ही पावडर वनस्पतीतून काढलेली असल्यामुळे तिच्यासोबत तिची भावंडे येतात: गिटोनिन, टिगोनिन आणि आणखी काही सॅपोनिने. बाजारात साधारण ५० टक्के शुद्धतेची प्रत राजरोस विकली जाते, आणि उच्च शुद्धतेची वेगळी प्रतही मिळते. ५० टक्के हा आकडा वाचून कोणालाही वाटेल की मात्रा दुप्पट केली म्हणजे झाले. तसे होत नाही, कारण उरलेला अर्धा भाग निष्क्रिय भुकटी नसतो. त्यातली काही सॅपोनिनेही पटलावर काम करतात, फक्त त्यांची ताकद आणि विरघळण्याची तऱ्हा निराळी असते, आणि त्यांचे आपसातले प्रमाण लॉटनुसार, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या मालानुसार, बदलते. एका पुरवठादाराकडून आलेला नवा लॉट आमच्या पेशी उघडण्यासाठी आधीच्या लॉटच्या जवळजवळ दुप्पट लागत होता, तरीही दोन्हींच्या प्रमाणपत्रांवर शुद्धतेचा आकडा एकच होता. विचारणा केल्यावर जे उत्तर आले त्यात प्रमाणपत्रातलीच वाक्ये पुन्हा लिहिलेली होती आणि उरलेल्या अर्ध्या भागात काय आहे याबद्दल एक शब्द नव्हता. माझी या उत्पादनाबद्दलची खरी तक्रार हीच आहे: अशुद्धता असणे मी समजू शकतो, पण ती कोणती हे दडवून ठेवण्याचे कारण समजत नाही. निदान पातळ थरावरील वर्णलेखनाचे चित्र प्रत्येक लॉटसोबत दिले, तरी घेणाऱ्याला दोन लॉट शेजारी ठेवून पाहता येतील.

विरघळवणे हा दुसरा त्रास. सर्वसाधारण प्रत थंड पाण्यात नीट विरघळत नाही. पाच टक्क्यांचा जलीय स्टॉक (पुढे पातळ करून वापरायचे गाढ द्रावण) करायचा तर ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास काही मिनिटे तापवावे लागते. नळीतला गढूळपणा नाहीसा होऊन द्रावण एकदम काचेसारखे स्वच्छ होते आणि काम फत्ते झाले असे वाटते. तीच नळी रात्रभर थंड पेटीत ठेवली की सकाळी तळाशी पांढरा साका बसलेला दिसतो. येथे बहुतेक जण एक चुकीची वाट धरतात: साका गाळून टाकतात आणि वरचे द्रावण पाच टक्क्यांचेच समजून वापरतात. गाळल्यानंतर त्या द्रावणाची सांद्रता किती उरली हे कोणालाच ठाऊक नसते, आणि खाली बसलेल्या भागात डिजिटोनिन जास्त गेले की त्याची भावंडे, हेही ठाऊक नसते. साका दिसला तर नळी पुन्हा तापवून संपूर्ण विरघळवावी किंवा सरळ फेकावी. काही प्रयोगशाळा नवी बाटली आल्याबरोबर ती गरम एथिल अल्कोहोलमधून पुन्हा स्फटिकरूपात काढून घेतात. खटाटोपाचे काम आहे, पण वर्षभर एकच मोजमाप चालवायचे असेल तर ते सार्थकी लागते.

माझी स्वतःची पसंती डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या विद्रावकातल्या स्टॉकला आहे. मिलिलिटरला २० मिलिग्रॅम या प्रमाणात तो सहज बनतो, छोट्या भागांत वाटून उणे २० अंशांवर ठेवता येतो आणि एकेक भाग एकदाच वितळवून संपवता येतो. मात्र नियंत्रण नळीत तेवढेच डीएमएसओ घालायला विसरू नये, आणि थंड बफरमध्ये स्टॉक टाकताना पिपेटचे टोक द्रवाच्या आत बुडवून हळू सोडावे, नाहीतर टाकल्या जागी पांढरट धागे दिसू लागतात. व्हॉर्टेक्सवर जोरात फिरवणे टाळावे. फेसामुळे आकारमान चुकते.

आता मात्रा ठरवण्याबद्दल, कारण या उत्पादनाचे यशापयश तेथेच ठरते. सगळ्यात सोपी चाचणी ट्रिपॅन ब्लूची; हा निळा रंग पटल उघडलेल्या पेशींतच शिरतो. पेशी धुऊन घ्याव्यात, बर्फावर ठेवून मिलिलिटरला ०, ५, १०, २०, ४०, ८० मायक्रोग्रॅम अशा चढत्या मात्रा द्याव्यात, पाच मिनिटांनी रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पेशी मोजाव्यात. जवळजवळ सगळ्या पेशी निळ्या करणारी सर्वांत कमी मात्रा ती आपली. पण ही चाचणी अर्धेच सांगते: बाहेरचे दार उघडले एवढे कळते, आतली दारे शाबूत आहेत का ते कळत नाही. त्यासाठी नळी फिरवून वरचा द्रव आणि खालचा गोळा वेगळा करावा आणि दोन्हींत प्रथिने पाहावीत. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज वर यायला हवे. तंतुकणिकेतले सायटोक्रोम सी हे प्रथिन आणि आंतर्द्रव्यजालिकेच्या पोटातली प्रथिने खालीच राहायला हवीत. वरच्या द्रवात सायटोक्रोम सी दिसू लागले की मर्यादा ओलांडली गेली.

ज्यांच्याकडे श्वसनमापक यंत्र आहे त्यांना याहून देखणी चाचणी करता येते, आणि माझ्या मते डिजिटोनिन काय करते हे विद्यार्थ्याला शिकवण्याचा तो सर्वोत्तम मार्ग आहे. अखंड पेशींत रोटेनोन घालून तंतुकणिकेचे पहिले संकुल बंद करायचे, मग सक्सिनेट (त्या संकुलाला वळसा घालून श्वसन चालवणारे इंधन) आणि एडीपी घालायचे. काहीच घडत नाही, कारण सक्सिनेटला बाहेरचे पटल सहज ओलांडता येत नाही. आता डिजिटोनिन थोडे थोडे टाकत जायचे. पडद्यावरची ऑक्सिजन वापराची रेषा प्रत्येक टाकणीला एक पायरी वर चढते, कारण सक्सिनेट आत पोचू लागलेले असते. मग एक सपाट पठार येते, जेथे आणखी डिजिटोनिन टाकूनही रेषा हलत नाही. आणि त्यानंतरच्या टाकण्यांना ती खाली घसरू लागते. पठार म्हणजे आपली सुरक्षित मात्रा, घसरण म्हणजे तंतुकणिकेचे नुकसान. पठारावर असताना बाहेरून सायटोक्रोम सी घातल्यावर वेग वाढला नाही तर बाह्य पटल धड आहे असे समजावे. चांगल्या लॉटमध्ये हे पठार रुंद असते, तर खराब लॉटमध्ये चढण आणि उतरण यांच्यामध्ये उभे राहायला जागाच नसते. प्रमाणपत्रावर जे लिहिलेले नसते ते या एका आलेखात दिसते, म्हणून नवा लॉट आमच्याकडे आला की आधी तो या यंत्रावर चढतो आणि मगच कपाटात जातो.

मात्रेबद्दल आणखी एक गोष्ट, जी शोधनिबंधांच्या कृतीविभागात फार क्वचित नीट लिहिलेली आढळते. डिजिटोनिन कोलेस्टेरॉलशी रेणूस रेणू जुळते, त्यामुळे महत्त्वाची असते ती मिलिलिटरमागची मात्रा नव्हे, तर पेशीमागची मात्रा. त्याच ४० मायक्रोग्रॅममध्ये दहा लाख पेशी ठेवल्या तर सगळ्या उघडतील, एक कोटी ठेवल्या तर कदाचित निम्म्याही उघडणार नाहीत. म्हणून स्वतःच्या वहीत तरी दर दहा लाख पेशींमागे किंवा दर मिलिग्रॅम प्रथिनामागे किती मायक्रोग्रॅम हा आकडा लिहून ठेवावा. माध्यमातले सीरम नीट धुतले नाही तर त्यातल्या लिपोप्रोटिनांचे कोलेस्टेरॉल डिजिटोनिन परस्पर खाऊन टाकते. टक्केवारी आणि मायक्रोग्रॅम यांच्यातला गोंधळही नित्याचा आहे: ०.०१ टक्के म्हणजे मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम, १० नव्हे.

याहून सूक्ष्म अडचण अशी की ज्या पेशींची आपण तुलना करीत आहोत त्यांचेच कोलेस्टेरॉल वेगळे असेल तर काय? एका गटाला स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) दिलेले आहे आणि दुसऱ्याला नाही, किंवा एका गटावर सायक्लोडेक्स्ट्रिनने कोलेस्टेरॉल काढण्याची क्रिया झालेली आहे, अशा प्रयोगात दोन्ही गटांना एकच मात्रा दिली तर कमी कोलेस्टेरॉल असलेल्या पेशी कमी उघडतात, आणि तो फरक औषधाचा तंतुकणिकेवरचा परिणाम म्हणून वाचला जाण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी प्रत्येक गटासाठी मात्रा स्वतंत्रपणे ठरवणे हाच उपाय आहे. जिवाणूंवर हे रसायन चालवण्याचा विचार करू नये. बहुतेक जिवाणूंच्या पटलात स्टेरॉलच नसते. यीस्टमध्ये कोलेस्टेरॉलऐवजी अर्गोस्टेरॉल असते आणि त्यालाही डिजिटोनिन धरते, पण आधी पेशीभित्तिकेचा प्रश्न सोडवावा लागतो.

नीट मात्रा ठरवली की हे रसायन काय देऊ शकते याचे सर्वांत सुंदर उदाहरण १९९० चे आहे. स्टीफन ॲडम, रेचल स्टर्न-मार आणि लॅरी गेरेस यांनी संवर्धित पेशी डिजिटोनिनने उघडल्या, त्यांच्यातला पेशीद्रव वाहून जाऊ दिला आणि केंद्रकाचे आवरण जसेच्या तसे राखले. मग बाहेरून पेशीद्रव परत घातला तरच चिन्हांकित प्रथिन केंद्रकात शिरते, नाही घातला तर शिरत नाही, हे दिसले. पेशी जणू रिकामी करून तिच्यात हवे तेवढेच घटक भरता आले, आणि केंद्रकात माल नेणारे वाहक घटक एकेक करून ओळखण्याचा रस्ता त्यातून खुला झाला. अलीकडच्या काळात जनुकसंचाचा अभ्यास करणाऱ्यांनीही डिजिटोनिन जवळ केले आहे: २०१७ मध्ये आलेल्या ओम्नी-अटॅक (डीएनएचे उघडे भाग शोधणाऱ्या) पद्धतीच्या विरघळक मिश्रणात ते ०.०१ टक्के असते, आणि डीएनएवर कोणते प्रथिन कोठे बसते हे शोधणाऱ्या कट-अँड-रन पद्धतीत प्रतिपिंड व विकर केंद्रकापर्यंत पोचावे म्हणून ते बहुतेक टप्प्यांच्या बफरमध्ये ठेवतात. या कामासाठी साधी प्रत पुरते, मात्र तीही तपासूनच.

पटलातली प्रथिने बाहेर काढण्याच्या कामात डिजिटोनिनचा लौकिक वेगळ्या कारणाने आहे. येथे मात्रा एक टक्क्याच्या घरात, म्हणजे कणगुच्छ बनण्याच्या सांद्रतेच्या बरीच वर असते, आणि गुण असा की एकमेकांना सैल धरून बसलेली प्रथिने ते सहसा फोडत नाही. १९६४ मध्ये बोर्डमन आणि जॅन अँडरसन यांनी पालकाच्या हरितलवकांवर डिजिटोनिन वापरून दोन प्रकाशप्रणाली वेगळ्या काढल्या. १९७६ मध्ये कॅरन आणि लेफ्कोविट्झ यांनी बेडकाच्या तांबड्या पेशींतून बीटा ॲड्रेनर्जिक ग्राही (ॲड्रेनॅलिनला प्रतिसाद देणारे पटलातले प्रथिन) बाहेर काढला तोही डिजिटोनिनमध्येच, आणि औषधाला धरून ठेवण्याची त्याची क्षमता टिकून राहिली; ग्राहींवरील कामासाठी लेफ्कोविट्झ यांना २०१२ मध्ये नोबेलमध्ये वाटा मिळाला. २००० मध्ये शेगर आणि फायफर यांनी तंतुकणिकेतली श्वसन संकुले परस्परांना जोडलेली महासंकुले म्हणून असतात हे ब्लू नेटिव्ह जेलवर, म्हणजे प्रथिनसंकुले न फोडता वेगळी करणाऱ्या जेलवर, दाखवले. त्यासाठी डिजिटोनिनसारखा सौम्य डिटर्जंट निवडणे निर्णायक होते, कारण डोडेसिल माल्टोसाइड या दुसऱ्या डिटर्जंटच्या सर्वसाधारण मात्रेत ही जोडणी बऱ्याच अंशी सुटते. ही महासंकुले म्हणजे डिजिटोनिनने घडवलेला आभास तर नव्हे, असा संशय बराच काळ घेतला गेला. २०१६ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांच्या रचना उलगडल्यावर तो बराचसा निवळला. जेलसाठी साधारणतः एका ग्रॅम प्रथिनामागे ४ ते ८ ग्रॅम डिजिटोनिन लागते, हे ध्यानात घेऊन बाटलीचा आकार निवडावा.

पर्याय कोणते? चिलीतील किलाजा झाडाच्या सालीपासून मिळणारे, नुसत्या ‘सॅपोनिन’ या नावाने विकले जाणारे मिश्रण स्वस्तात काम भागवते, पण त्याने पाडलेली भोके पटल धुतल्यावर बुजू लागतात, म्हणून प्रतिपिंडाच्या प्रत्येक बफरमध्ये ते ठेवावे लागते. (त्याच सालीतून शुद्ध केलेले क्यूएस-२१ हे नागिणीवरच्या शिंग्रिक्स लसीत प्रतिकारवर्धक म्हणून जाते, सॅपोनिन कुळातले वैद्यकात सर्वाधिक प्रतिष्ठा मिळवलेले ते सदस्य असावे.) प्रथिनांच्या रचना काढणाऱ्यांसाठी मात्र खरा प्रतिस्पर्धी आहे तो जीडीएन, म्हणजे ग्लायको-डायोसजेनिन. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा संश्लेषित रेणू डायोसजेनिनच्या सांगाड्यावर शर्करा जोडून बनवतात. तो पाण्यात न तापवता विरघळतो, लॉटमागे बदलत नाही आणि त्याची कणगुच्छ बनण्याची सांद्रता अवघी १८ मायक्रोमोलर आहे, त्यामुळे शुद्धीकरणाच्या बफरमध्ये फारच थोडा लागतो. क्रायो-सूक्ष्मदर्शनासाठी नवीन प्रकल्प सुरू करणाऱ्याला मी आज डिजिटोनिन सुचवणार नाही, जीडीएन सुचवीन. पेशी उघडण्याच्या कामात मात्र ही अदलाबदल डोळे मिटून करू नये. जीडीएन घडवला गेला तो प्रथिने विरघळवण्यासाठी, आणि बाहेरचे पटल तेवढे वेचून उघडण्याचा जो दीर्घ अनुभव डिजिटोनिनच्या पाठीशी आहे तो त्याच्यापाशी नाही.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात: बाटलीवर कवटीचे चिन्ह असते आणि ते शोभेसाठी नसते. गिळल्यास, त्वचेला लागल्यास आणि श्वासावाटे गेल्यास हे द्रव्य विषारी आहे, तांबड्या पेशी ते सहज फोडते. धोक्याचा क्षण द्रावण हाताळण्याचा नसून पावडर तोलण्याचा असतो, कारण ती हलकी असल्याने स्थिर विद्युतभाराने चमच्यावरून उडते. हवा खेचून घेणाऱ्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये), हातमोजे घालून तोलावे. शक्य असेल तर तोलण्याचे टाळून पूर्ण बाटलीतच विद्रावक घालावा आणि वजनावरून आकारमान ठरवावे. सॅपोनिने माशांना घातक असतात, म्हणून उरलेले द्रावण नळाखाली ओतू नये.

खरेदी करणाऱ्याला माझा सल्ला वापरानुसार बदलतो. पेशी उघडणे, तंतुकणिकेचे श्वसन मोजणे, पेशीद्रव वेगळा काढणे यांसाठी साधी प्रत पुरेशी आहे, फक्त एका प्रकल्पाला पुरेल एवढा एकच लॉट एकदम मागवावा आणि लॉट क्रमांक वहीत व निबंधात दोन्हीकडे लिहावा. ब्लू नेटिव्ह जेल, ग्राहींचे शुद्धीकरण आणि वर्णपटावर मोजायची कोणतीही गोष्ट यांसाठी उच्च शुद्धतेचीच प्रत घ्यावी, तेथे काटकसर अंगाशी येते. ‘पाण्यात विरघळणारी’ म्हणून विकली जाणारी प्रत सोयीची असते, पण तिच्यावर आधीच्या प्रतीची मात्रा जशीच्या तशी लागू पडेल असे समजू नये. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेण्यात अर्थ नाही. पावडर ओलावा ओढते, बाटली वारंवार उघडली जाते आणि तळाशी पोचेपर्यंत वजनात किती पाणी आहे हे सांगता येत नाही. बाटली आल्या दिवशीच सगळी पावडर डीएमएसओमध्ये विरघळवून छोट्या नळ्यांत वाटून टाकावी, एका नळीवर पठाराचा आलेख काढावा आणि त्या आलेखाची प्रत शीतपेटीच्या दारावर चिकटवून ठेवावी.